ग्रिप ओढून फिरवा: रोटर हेडची देखभाल

टेबलावर ठेवलेल्या रिमोटवरच्या मॉडेल हेलिकॉप्टरची ग्रिप, म्हणजे पात्याचं मूळ धरणारा भाग, दोन बोटांनी फिरवून पाहिली, अलगद फिरली, म्हणजे हेड (पाती जोडलेला वरचा फिरता भाग) ठीक आहे असं बरेच जण धरून चालतात. पण या तपासणीतून फारसं काही कळत नाही. टेबलावर त्या ग्रिपवर कसलाच ताण नसतो. हवेत मात्र तिला बाहेर खेचणारं बळ प्रचंड असतं.

हिशोब करून बघा. ७०० आकाराचं (साधारण ७०० मिलिमीटर लांब) एक पातं साधारण १९० ग्रॅमचं. त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टपासून सुमारे ४० सेंटिमीटरवर धरू. हेड स्पीड, म्हणजे रोटरचा वेग, २००० आरपीएम (मिनिटाला फेरे) असेल तर ते पातं ३३०० न्यूटनहून जास्त जोराने बाहेर ओढतं, म्हणजे ग्रिपला जवळजवळ ३४० किलो वजन टांगल्यासारखं. स्पीड २२०० केला तर हाच आकडा ४१० किलोच्या आसपास जातो, कारण हे बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. हा सगळा भार थ्रस्ट बेअरिंगमधून (बाहेर ओढणारा भार पेलणारं बेअरिंग) स्पिंडलच्या, म्हणजे दोन्ही ग्रिप जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, टोकाला असलेल्या, करंगळीपेक्षाही बारीक बोल्टवर येतो. आणि हा भार पेलत असतानाच ग्रिपला सर्वोच्या (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरच्या) इशाऱ्यावर सेकंदाला कित्येक वेळा मागेपुढे फिरायचं असतं.

म्हणून तपासणीची खरी रीत ही: बॅटरी काढा, मोटरच्या तारा सोडवा. ग्रिपपासून लिंक (सर्वोची हालचाल पोहोचवणाऱ्या काड्या) मोकळ्या करा. दोन्ही ग्रिप दोन हातांत धरून एकमेकींपासून जमेल तितक्या जोराने बाहेर ओढा आणि ओढलेल्या स्थितीतच सावकाश फिरवा. सुस्थितीतलं हेड या ताणातही एकसारखं फिरतं. वाळू अडकल्यासारखी खरखर लागली, किंवा ठरावीक जागी टक्-टक् अडखळल्यासारखं वाटलं, तर थ्रस्ट बेअरिंग गेलं आहे. रिंगवर गोळ्यांचे खड्डे पडले की ही अडखळ येते. ताण न देता फिरवलं तर तीच ग्रिप अगदी निर्दोष वाटेल.

हे ओळखता आलं नाही तर दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. ग्रिप जड फिरत असली की सर्वो गरम होतात, बॅटरीमधून जास्त करंट खेचतात आणि हेलिकॉप्टर होव्हरमध्ये (हवेत एका जागी तरंगताना) मंद डोलतं. लोक फ्लायबारलेस युनिटचे (हेलिकॉप्टर स्थिर ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचे) गेन, म्हणजे प्रतिसादाची तीव्रता, कमीजास्त करत बसतात. सेटिंगमध्ये शिरण्याआधी हेड उघडा, एवढं आग्रहाने सांगेन.

थ्रस्ट बेअरिंग बसवण्यातली चूक सर्वांत जास्त दिसते. त्याचे तीन भाग असतात: दोन चपट्या रिंग आणि मधला गोळ्यांचा केज. दोन्ही रिंग दिसायला सारख्या, पण एकीचं भोक किंचित मोठं असतं. फरक बऱ्याचदा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकाच, नुसत्या डोळ्यांना कळत नाही. स्पिंडलवर घालून बघा. एक रिंग नेमकी, जेमतेम सरकेल अशी बसते आणि दुसरी सैल हलते. सैल ती आत, हबच्या (हेडच्या मधल्या ठोकळ्याच्या) बाजूला. नेमकी बसते ती बाहेर, बोल्टच्या बाजूला. बाहेरची रिंग बोल्ट आणि वॉशरने स्पिंडलला आवळलेली असते. आतल्या रिंगने ग्रिपबरोबर फिरायचं असतं, म्हणून तिचा स्पिंडलला स्पर्श होता कामा नये. उलट बसवली की आतली रिंग स्पिंडलला घासते, बाहेरची मध्यावर राहत नाही आणि भार आला की ग्रिप जड होते. पुढे केज तुटतो. केजच्या कोणत्या बाजूला गोळ्या जास्त उघड्या आहेत तेही पाहून घ्या. अनेक मॅन्युअलमध्ये ती बाजू बाहेरच्या दिशेने दाखवलेली असते. तुमच्या मॉडेलच्या चित्राशी ताडून पाहा.

नवं बेअरिंग बहुधा नुसतं संरक्षक तेल लावून येतं. ते पुरेसं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रिंग आणि केज धुवा, पूर्ण वाळू द्या, मग घट्ट ग्रीस केजमध्ये सर्व बाजूंनी दाबून भरा. पातळ तेल नकोच, पहिल्याच फ्लाइटला ते फेकलं जातं. ग्रिपमधली साधी बेअरिंग दोन्ही बाजूंनी झाकलेली असतात, ती अल्कोहोलमध्ये बुडवू नका. आतलं ग्रीस धुऊन निघतं आणि परत भरता येत नाही. ती खरखरली तर बदलायची.

ग्रीस काढून बघताना त्याचा रंग पाहा. करडं, चकाकी असलेलं ग्रीस निघालं तर त्यात धातूची पूड आहे. बेअरिंग अजून फिरत असलं तरी त्याचे दिवस भरले. मोठ्या आकारात आणि जोरदार थ्री-डी (उलटसुलट कसरती) उडवणाऱ्याने ५० फ्लाइटनंतर एकदा उघडून पाहावं, निवांत उडवणाऱ्याला दुप्पट अवधी चालेल. मॅन्युअलमध्ये कमी आकडा दिला असेल तर तोच पाळा.

आता स्पिंडल. पातं जमिनीला नुसतं टेकलं तरी स्पिंडल वाकू शकतो. काचेवर घरंगळवून बघणं सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातून मोठा बाकच कळतो. बारीक बाक बसवलेल्या हेडमध्येच दिसतो: एका टोकाच्या बोल्टला ॲलन की लावून स्पिंडल सावकाश फिरवा आणि दोन्ही ग्रिपकडे बघत राहा. ग्रिप वर-खाली मान हलवल्यासारख्या डोलल्या तर स्पिंडल वाकलेला आहे. सरळ करण्याच्या फंदात पडू नका. हातोडीने सरळ केलेला स्पिंडल पुन्हा तिथेच वाकतो किंवा तुटतो. क्रॅश झाला असेल तर दिसायला सरळ असला तरी बदला आणि दोन्ही बोल्टही नवे घाला. मेन शाफ्टही काढून फिरवून पाहा. हब शाफ्टला धरून ठेवणारा आडवा बोल्ट, ज्याला जगभर जीझस बोल्ट म्हणतात, तो काढून शाफ्टमधलं भोक तपासा. भोक लांबट झालं असेल तर हब डुलतो, आणि कितीही आवळलं तरी ते डुलणं जात नाही.

डँपरकडे दुर्लक्ष होतं, कारण ते हबच्या आत दडलेले असतात. स्पिंडल हबमध्ये थेट बसत नाही, तो दोन्ही बाजूंच्या रबरी रिंगांवर तरंगतो. त्यांची परीक्षा सोपी आहे. एक पातं मुळाजवळ खाली दाबा. दुसरं वर जायला हवं, पण दाबताना चांगला विरोध जाणवला पाहिजे आणि सोडताच दोन्ही पाती मध्यावर परतली पाहिजेत. दाबलेल्या स्थितीतच रेंगाळली, किंवा मध्याजवळ थोडा भाग विरोधाशिवाय हलला, तर रबर झिजलंय. झिजलेल्या डँपरची खूण उडतानाही दिसते: स्पूल-अपला (रोटर वेग घेताना) हेलिकॉप्टर झुलतं, लिंकला हात न लावताही ट्रॅकिंग (दोन्ही पाती एकाच पातळीत फिरणं) एका दिवशी नीट आणि दुसऱ्या दिवशी बिघडलेलं असतं. त्याहून मोठा धोका म्हणजे जोरदार एलिव्हेटर (नाक वर-खाली करण्याची आज्ञा) दिल्यावर पातं खाली झुकून टेल बूमवर (शेपटीच्या दांड्यावर) आदळणं.

डँपर काढायला लाकडी काडी वापरा, स्क्रू-ड्रायव्हरने हबच्या आत ओरखडे पडतात आणि तिथेच नवं रबर कापलं जातं. दोन्ही बाजूंचे डँपर एकाच वेळी बदला. शिमचे (जागा भरायचे पातळ) वॉशर दोन्हीकडे सारखेच हवेत, कोणत्या बाजूला किती निघाले ते आधी मोजून ठेवा. एका बाजूला एक जास्त गेला की स्पिंडल मध्यावर राहत नाही आणि बॅलन्स बिघडतो. रबरावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. खनिज तेलाचं ग्रीस लावलं तर काही जातींचं रबर फुगतं. थंडीत डँपर कडक लागतात, तेव्हा त्यांची परीक्षा उबदार खोलीत घ्यावी. कमी हेड स्पीडवर उडवायचं असेल तर जरा मऊ डँपर बरे. फार कडक घातले तर कमी वेगात पूर्ण मशीन थरथरतं.

जोडणीच्या वेळी स्पिंडलमधले आटे आणि बोल्टचे आटे अल्कोहोलने पुसा. तेलकट आट्यांवर थ्रेडलॉक (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) नीट धरत नाही. मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकचा एकच छोटा थेंब बोल्टच्या टोकाकडच्या आट्यांना लावा आणि जास्तीचं पुसून टाका. पुसलं नाही तर बोल्ट आत जाताना ते मागे ढकललं जातं आणि बेअरिंगमध्ये शिरतं. मग नवं बेअरिंगही चिकटून बसतं. दोन्ही टोकांना एकेक ॲलन की लावून एकमेकींविरुद्ध आवळा. कीची टोकं झिजलेली असतील तर ती आधी बदला, बोल्टचा षटकोन गोल झाला की पुढचं काम दहापट वाढतं. आवळल्यावर ओढून फिरवायची परीक्षा लगेच परत घ्या. जड लागली तर वॉशर विसरलाय किंवा रिंगा उलट गेल्या आहेत. थ्रेडलॉक सुकायच्या आत उघडून दुरुस्त करा. पूर्ण पक्कं व्हायला त्याला २४ तास द्या. प्लॅस्टिकच्या भागात थ्रेडलॉक लावू नये, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. पुढे कधी बोल्ट हलतच नसेल तर त्याच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न थोडा वेळ टेकवा, उष्णतेने पकड सुटते.

बॉल लिंक तपासायला प्रत्येक लिंक एका टोकाने मोकळी करून सोडा. ती स्वतःच्या वजनाने खाली पडली पाहिजे. अडकली तर पक्कडीने बॉलवर हलकेच दाबून सैल करता येते. खटखटणारी लिंक मात्र बदलावीच लागते. लिंकच्या एका बाजूला अक्षर कोरलेलं असेल तर ती बाजू बहुधा बाहेर येते. उलटी दाबून बसवलेली लिंक आतून फाकते आणि लवकर सैल होते.

पात्यांचे बोल्ट एवढेच आवळा की मशीन आडवं धरलं तर पाती जागेवर राहतील, पण हेड झटकलं की हलतील. फार घट्ट पाती फिरताना स्वतः सरळ रेषेत येत नाहीत आणि स्पूल-अपला थरथर होते.

शेवटी पिच गेज, म्हणजे पात्याचा कोन (पिच) मोजायचं साधन. पाती लावून, मोटरच्या तारा सुट्या ठेवूनच रिसीव्हर चालू करा. मधल्या स्टिकला दोन्ही पाती शून्यावर हवीत, आणि वर-खालच्या टोकांना दोन्हींचं वाचन जुळलं पाहिजे. अर्धा अंशाचा फरकही ट्रॅकिंगमध्ये दिसतो. एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावा, तेवढीच साधी टेप दुसऱ्यालाही लावा म्हणजे वजन जुळेल. निदान दहा मीटरवरून होव्हर बघा. डोळ्यांच्या रेषेत पाती आणून जवळून बघणं अत्यंत धोक्याचं आहे. जे पातं वर चालतंय त्याची पिच लिंकने कमी करा, एका वेळी अर्धा फेरा.

उडवण्याआधी स्पिंडल बोल्टचं डोकं आणि ग्रिपच्या तोंडाशी दिसणारा वॉशर यांवरून मार्करने एक बारीक रेघ ओढा. पहिली फ्लाइट दोन मिनिटांच्या बुटक्या होव्हरची ठेवा, उतरवा आणि बॅटरी काढून ती रेघ बघा. बोल्टवरची आणि वॉशरवरची रेघ एकमेकींपासून सरकली असेल तर बोल्ट फिरलाय. आटे पुसण्यापासून सगळं पुन्हा करायचं.