मी '>' लिहीतच नाही

माझा कोड पहिल्यांदा वाचणारा कुणीतरी विचारतोच, "वय >= १८ असं सरळ लिहायचं सोडून १८ <= वय असं उलटं का लिहितेस?"

मला ते उलटं वाटत नाही. संख्यारेषेवर लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे. फक्त < आणि <= वापरलं की कोडच्या ओळीतही तोच क्रम राहतो. एकट्यादुकट्या अटीत याने काही बिघडत नाही, घडतही नाही. पण '१८ <= वय आणि वय <= ६०' असं लिहिलं की वय दोन टोकांच्या मधे बसलेलं दिसतं.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तर १८ <= वय <= ६० असं गणिताच्या वहीतल्यासारखंच चालतं. हीच अट सी या भाषेत लिहिली तर कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, फार तर वॉर्निंग देतो. तिथे आधी १८ <= वय तपासलं जातं, त्याचं उत्तर ० किंवा १ येतं आणि मग त्या उत्तराची तुलना ६०शी होते. ० काय नि १ काय, ६०पेक्षा लहानच! म्हणजे नव्वदीचे आजोबाही पास आणि पाच वर्षांचं पोरही पास. जावा अशी ओळ कंपाइलच होऊ देत नाही. बरं करते.

माझा खरा हट्ट आहे तो 'बरोबर'चं चिन्ह कुठल्या टोकाला लावायचं, याबद्दल. महिन्याभराच्या नोंदी काढायच्या असतात आणि लोक लिहितात, वेळ <= ३१ तारीख. नुसती तारीख म्हणजे त्या दिवसाचे ००:०० वाजले, त्यामुळे ३१चा जवळजवळ अख्खा दिवस गळतो. मग कुणी २३:५९:५९ चिकटवतं. वेळ मिलिसेकंदांपर्यंत साठवत असाल, तर शेवटच्या सेकंदाच्या मधली नोंद तरीही हुकते. डेटाबेसमधून नोंदी काढायच्या एसक्यूएल या भाषेतलं 'बिटवीन' दोन्ही टोकं धरतं, म्हणून वेळेच्या रकान्यावर मी ते वापरत नाही. मी लिहिते: या महिन्याची १ <= वेळ < पुढच्या महिन्याची १. महिना तीसचा की एकतीसचा, फेब्रुवारी लीप वर्षातला का, काही बघावं लागत नाही. शिवाय एक महिना संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. फट नाही, दुबार मोजणी नाही. सुरुवात धरा, शेवट सोडा, हे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२मध्येच एका छोट्या टिपणात मांडलं होतं. पायथनचं आकड्यांची रांग देणारं 'रेंज' तसंच वागतं.

माझी सवय उचलणार असाल तर एक सांगते. > टाळायचं म्हणून < च्या अटीला 'नॉट' (खऱ्याचं खोटं, खोट्याचं खरं करणारा शब्द) लावू नका. पूर्णांकांत 'नॉट (अ < ब)' आणि 'ब <= अ' एकच. दशांश संख्यांत मात्र मधेच नॅन येऊ शकतो, म्हणजे 'ही संख्याच नाही' असं मूल्य, आणि त्याच्याशी केलेली <, <=, == यांपैकी कुठलीही तुलना खोटीच ठरते. अ नॅन असेल तर 'ब <= अ' खोटं, पण 'नॉट (अ < ब)' खरं! तेव्हा नुसत्या दोन्ही बाजू अदलाबदल करा.