स्ट्रासबर्ग : दोन सरकारांचं एक विद्यापीठ

स्ट्रासबर्गला जाणारे बहुतेक जण कॅथेड्रल बघतात, लाकडी चौकटींच्या घरांपुढे फोटो काढतात आणि पुढच्या गाडीने निघतात. मला विद्यापीठ बघायचं होतं. निमित्त रा. गो. भांडारकरांचं. वैष्णव-शैव पंथांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ, ज्यात आपले नामदेव-तुकारामही आहेत, १९१३ साली या गावातून प्रसिद्ध झाला. पुण्याच्या पंडिताचं पुस्तक फ्रान्समध्ये कसं? तर गाव तेव्हा जर्मनीत होतं. विद्यापीठात संस्कृतला अर्न्स्ट लॉयमान होते आणि ट्र्यूब्नर हा इथला प्रकाशक भारतविद्येची अख्खी ग्रंथमालाच काढत होता.

ट्रॅममधून प्लेस द ला रिपब्लिकला उतरलो. चौकाच्या एका टोकाला कैसरचा राजवाडा, तिथून निघालेला सरळसोट रस्ता थेट विद्यापीठाच्या दारात. मुद्दाम आखलेला, दिसावा म्हणून. १८७०च्या फ्रान्स-जर्मनी युद्धातल्या वेढ्यात, २४ ऑगस्टच्या रात्री, जर्मन तोफांनी इथलं ग्रंथालय जाळलं. बाराव्या शतकातलं एका मठाधिपती साध्वीने सिद्ध केलेलं सचित्र हस्तलिखितही त्यात गेलं. मग अल्सेस, म्हणजे स्ट्रासबर्गचा प्रांत, ताब्यात आल्यावर जर्मनीभरातून पुस्तकं मागवून नवं ग्रंथालय उभं केलं आणि १८७२मध्ये विद्यापीठ काढलं. जाळणारेही तेच, भरून देणारेही तेच!

हेतू उघड होता: सीमाभागातल्या लोकांना जर्मन करायचं. पण हात आखडता घेतला नाही, हे मान्य करावं लागतं. पुढे क्ष-किरण शोधणारा राँटगेन तरुणपणी इथे शिकवून गेला. १८९७मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउनने इथेच टीव्हीच्या पडद्यामागची ती नळी बनवली, जिच्यावर पुढे आपण शनिवारचे मराठी चित्रपट पाहिले.

ओटो वार्थने बांधलेली मुख्य इमारत १८८४ची. छताच्या कडेने जर्मन विद्वानांचे छत्तीस पुतळे, कपाळावर लॅटिन अक्षरं: विद्येला आणि पितृभूमीला अर्पण. पितृभूमी कोणती ते लिहिलेलं नाही, त्यामुळे पुढच्या मालकांची सोय झाली असावी. हे पुढचे मालक फ्रेंच. १९१८नंतर त्यांनी जर्मन प्राध्यापकांना ऱ्हाईनपार हाकललं आणि आपली उत्तमोत्तम माणसं आणून बसवली. त्यातल्याच मार्क ब्लॉक आणि ल्युसियाँ फेव्र यांनी १९२९मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकाने इतिहासलेखनाची वाटच बदलली. म्हणजे सरकारांची चढाओढ आणि फायदा विद्येचा, असं म्हणता येईल. पण तेवढ्यावर थांबलो तर ती अर्धवट गोष्ट होईल.

१९३९मध्ये फ्रेंच विद्यापीठ मध्य फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँला हलवलं गेलं. रिकाम्या इमारतींत १९४१ साली नाझींनी आपलं विद्यापीठ थाटलं. तिथला शरीरशास्त्राचा प्राध्यापक ऑगस्ट हिर्ट. त्याच्या सांगाड्यांच्या संग्रहासाठी आउशवित्झहून आणलेल्या ८६ ज्यूंना १९४३मध्ये जवळच्या छावणीत विषारी वायूने मारलं. क्लेरमाँ-फेराँमध्येही त्याच वर्षी नोव्हेंबरात धाड पडली, प्राध्यापक-विद्यार्थी पकडले गेले. ब्लॉकला १९४४मध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या. हिर्टच्या काळाची पूर्ण चौकशी करायला विद्यापीठाने इतिहासकारांचा आयोग नेमला, तो थेट २०१६ साली. एवढा उशीर मला तरी पटला नाही.

आतलं काचेच्या छताचं भव्य सभागृह चुकवू नका. १९४९च्या ऑगस्टमध्ये युरोप परिषदेच्या सभेचं पहिलं अधिवेशन इथे भरलं होतं. मागे वनस्पती उद्यान आहे, वेधशाळाही तिथेच. आणि वेळ उरला तर डी ट्रॅमने ऱ्हाईन ओलांडून जर्मनीतल्या केलला जा. स्ट्रासबर्गचे लोक सिगारेट आणि किराणा आणायला तिकडेच जातात, तिकडे स्वस्त पडतं.