झेब्राची शेपटी, सतरावा दिवस: काळी शाई येते कुठून?

तिरप्याची शेपटी फिल्टरच्या तोंडात अडकून खालून तृतीयांश फाटली होती, हे मागच्या नोंदीत लिहिलंच आहे. (हो, आमच्याकडे झेब्राफिशना, म्हणजे टाकीतल्या या छोट्या पट्टेदार माशांना, नावं आहेत. हसा.) आता शेपटी जवळपास भरून आली आहे. टाकीचं पाणी २९-३० अंशांवर आहे. मुंबईच्या मे महिन्यात हीटर कोण लावतो! ऊब असली की शेपटीचा पर भरभर वाढतो, हे मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी फाटक्या कडेला पातळ पारदर्शक झालर दिसली. चौथ्या दिवशी ती चांगली मिलिमीटरभर झाली, पण रंगाचा ठिपका नाही. मी धरून चाललो होतो की जुन्या पट्ट्याचा काळा रंग हळूहळू पुढे सरकेल, टीपकागदावर शाई पसरावी तसा. सहाव्या दिवशी फोन भिंगावर धरून फोटो काढला तर झालरीत काळे ठिपके, तेही विखुरलेले. पट्ट्याची शिस्त अकराव्या-बाराव्या दिवशी आली.

याचं कारण वाचल्यावर मी दोन दिवस त्याच नादात होतो. नव्या शेपटीतल्या काळ्या पेशी जुन्या काळ्या पेशींच्या विभाजनातून आलेल्या नसतात. रंग न चढलेल्या राखीव पेशी आधीपासून दबा धरून असतात, जखम झाली की त्या वाढतात आणि मग काळ्या होतात. या राखीव पेशींचं घराणं न्यूरल क्रेस्टचं. गर्भात मज्जारज्जूची नळी तयार होताना तिच्या वरच्या कडेवरून ज्या पेशी सुटतात आणि अंगभर चालत जातात, त्या या. शरीररचनातज्ज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीच्या गर्भात त्यांची नोंद केली. माशाच्या काळ्या, पिवळ्या आणि चकचकीत अशा तिन्ही रंगपेशी, जबड्याची कूर्चा, मज्जातंतूंचं वेष्टण, सगळं यांच्याचकडून.

मोठ्या माशाच्या पट्ट्यांसाठी लागणाऱ्या काळ्या पेशींचा साठा पाठीच्या कण्यालगतच्या चेतागंडिकांपाशी (चेतापेशींच्या गाठींपाशी) असतो, आणि तिथून पेशी नसांच्या वाटेने कातडीकडे येतात. 'पिकासो' नावाचा एक उत्परिवर्तित झेब्रा आहे. त्याच्यात एका जनुकातल्या बिघाडामुळे हा साठाच नीट बसत नाही. पिल्लाचा रंग बऱ्यापैकी ठीक दिसतो, मोठेपणी पट्टे विस्कटतात. बालपणीचे ठिपके आणि तरुणपणीचे पट्टे ही वेगवेगळी कामं आहेत, हे मला या पिकासोमुळे कळलं.

आता अंड्यांकडे. पहिली खेप मेली आणि तिला बुरशी लागली. चूक माझी: चाळीत पाणी पहाटे येतं, घाईघाईत नळाचं ताजं पाणीच ओतलं, क्लोरीन उडू दिलं नाही. या वेळी पाणी दोन दिवस शिळवलं, मिथिलीन ब्लूचा (बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाचा) थेंब टाकला, तळाला गोट्या पसरल्या (नाहीतर आईबापच अंडी खातात). सकाळी दिवा लावल्यावर अर्ध्या तासात अंडी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे साधारण २४ तासांनी, मायक्रोस्कोपखाली डोळे किंचित काळपट दिसले आणि मी ओरडलो, ''आला रंग!'' आई म्हणाली, ''कामावर जायचंय की माशांचं बारसं करायचंय?'' नंतर कळलं, ओरडणं चुकलंच. दृष्टिपटलाचा काळा रंग न्यूरल क्रेस्टचा नव्हे, तो मेंदूच्याच फुगवट्यातून येतो. क्रेस्टच्या काळ्या पेशी चांदण्यांसारख्या अंगावर संध्याकाळी दिसल्या, हातपाय पसरलेल्या. पण त्या रंगायच्या आधी चालत जाताना माझ्या मायक्रोस्कोपला दिसणं अशक्य. त्यासाठी चमकणाऱ्या प्रथिनाने त्या पेशी खुणावलेले मासे लागतात, ते प्रयोगशाळांत. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) याच माशावर संशोधन चालतं, आणि गिरगावातून तिथे बसने जाता येतं, एवढ्यावरच माझं समाधान.

एकाने विचारलंय, शेपटी मुद्दाम कापून बघू का? नको. प्रयोगशाळेत भूल देतात, परवानगी घेतात. आपण अपघाताची वाट बघू नये आणि तो घडवूही नये. मी फिल्टरच्या तोंडावर स्पंज बसवलाय.

पुढच्या रविवारी क्रॉफर्ड मार्केटमधून लेपर्ड डॅनियोची जोडी आणणार. जात झेब्राचीच, फक्त एका जनुकातल्या बदलाने पट्ट्यांऐवजी ठिपके. पिल्लांसाठी आईची लोणच्याची रिकामी बरणी मागितली आहे. अजून मिळालेली नाही.