उपमेय कुठे आहे?

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा आठवणींची यादी करायला बसलो आणि पहिल्याच नावाशी थांबलो. आपल्या मराठीच्या बाई कोण, हे ठाण्यातल्या आपल्या पिढीला सांगावे लागत नाही.

नववीत बाईंनी युद्धवर्णनातील अलंकारांवर निबंध लिहायला दिला होता. मी चार पाने भरली. 'भाषा ओजस्वी आहे', 'प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो' अशा प्रत्येक वाक्यापुढे लाल शाईत एकच शब्द होता : 'कुठे?' मूळ मजकुरातला शब्द ज्याला दाखवता येत नाही, ते विधान ऐकीव समजावे, असे त्या म्हणत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पानिपतानंतरच्या त्या प्रसिद्ध सावकारी पत्रातला मजकूर फळ्यावर लिहिला. १४ जानेवारी १७६१ च्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांना ज्या पत्रातून कळली, तेच हे पत्र : 'दोन मोत्ये गळाली', सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा, म्हणजे रुपये आणि चिल्लर, किती गेला याची गणतीच नाही. मी उत्साहाने 'रूपक' म्हणालो. बाईंनी खडू माझ्या हातात दिला. "मोती हे उपमान झाले. आता उपमेयाखाली, म्हणजे ज्याला मोती म्हटले आहे त्याखाली, रेघ मार. विश्वासराव कुठे आहेत? भाऊसाहेब कुठे आहेत?" मी ओळ पुन्हा पुन्हा वाचली, घामेजलेल्या बोटांना खडूचा चुरा चिकटत राहिला, पण रेघ मारायला जागा सापडली नाही. गेलेली माणसे त्या वाक्यात नव्हतीच. उपमानाने उपमेय असे गिळून टाकले की त्याला रूपकातिशयोक्ती म्हणतात, हे बाईंनी नंतर सांगितले. आधी त्यांनी स्वतः 'खुर्दा' या शब्दाखाली रेघ मारली. "मोत्यांना आकडा आहे, मोहरांना आहे, साध्या शिपायाला नाही. अलंकार ओळखलास, आता त्याने कोणाला झाकले आहे ते बघ."

मग त्या कुसुमाग्रजांच्या 'वेडात मराठे वीर दौडले सात' या कवितेकडे वळल्या. १६७४ साली नेसरीला प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती पडले, त्याबद्दल कवी म्हणतो, 'खग सात जळाले अभिमानी वणव्यात'. या ओळीतही माणसे नाहीत, पक्षी आहेत. शत्रूसैन्य नाही, वणवा आहे. मात्र आधीच्याच ओळीत 'सात जीव ते मानी' असे येऊन गेलेले असल्यामुळे इथे कोणी झाकले जात नाही, आणि सातचा आकडा शेवटपर्यंत सुटत नाही. एकच अलंकार सावकाराच्या हाती हिशेब होतो आणि कवीच्या हाती शोक, हे मला त्या तासाला कळले. त्यानंतर अलंकारांच्या व्याख्या मी कधी पाठ केल्या नाहीत.

पुढे मी वृत्तपत्रात उपसंपादक झालो. १९९९ मध्ये कारगिलच्या बातम्या रात्रपाळीला माझ्या टेबलावर येत. 'आणखी जवान धारातीर्थी' हा मथळा जणू तयारच असे. तलवारीच्या धारेला तीर्थ मानणारा हा शब्द सुंदरच आहे. पण त्याखाली मिळतील तेवढी नावे आणि गावे छापलीच पाहिजेत, म्हणून मी पान अडवून धरत असे. त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले. आज पुरवणीची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि तो हट्ट सुटलेला नाही. भाचीच्या वहीत मात्र 'अलंकार ओळखा' या प्रश्नापुढे एक शब्द आणि एक गुण दिसतो, पुढे कोणी काही विचारलेले नसते, याचे फार वाईट वाटते.

निवृत्तीनंतर बाई एका संध्याकाळी तलावपाळीवर भेटल्या. कारगिलच्या बातमीखाली छापलेल्या नावांचे एक कात्रण माझ्या पाकिटात होते. त्यांनी चष्मा लावून एकेक नाव गावासकट मोठ्याने वाचले. कट्ट्यावर शेजारी बसलेले दोघे बोलायचे थांबले होते.