दोन वर्षांच्या लेकीला घेऊन टोकियो ते क्योटो-नारा

क्योटोतली सगळी प्रसिद्ध देवळं बघायचीच असतील, तर मूल शाळेत जायला लागेपर्यंत थांबा. आम्ही सकाळी एक ठिकाण आणि दुपारी लेकीची झोप, एवढंच ठरवून गेलो आणि ते पुरलं.

आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. तिथून तोझाई लाइनने ओतेमाची आणि पुढे भुयारातूनच टोकियो स्टेशन. सकाळी या लाइनला मुंबई लोकलची कळा असते, म्हणून बाबागाडी असेल तर नऊनंतरच निघा. मोठी बॅग आदल्या दिवशी कोनबिनीतून (गल्लोगल्ली असणारं छोटं दुकान) ताक्क्यूबिन या कुरिअरने हॉटेलवर पाठवून द्यावी. थोडे पैसे जातात, पण मूल कडेवर घ्यायला हात मोकळे राहतात.

शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये शाळेत न जाणाऱ्या मुलाला मांडीवर बसवलं तर तिकीट लागत नाही. त्यातली सगळ्यात वेगवान गाडी, नोझोमी, सव्वादोन तासांत क्योटोला पोचते, तरी आम्ही लेकीसाठी अर्धं तिकीट काढून वेगळी सीट घेतली. माझ्या मते हा खर्च कराच. जागा ११ नंबरच्या डब्यात किंवा जवळपास घ्या. तिथे मोठं टॉयलेट आणि डायपर बदलायची फळी असते. बाळाला पाजायचं असेल तर कंडक्टरला विचारून तिथली छोटी खोलीही उघडून मिळते. तिन्ही बाजू मिळून १६० सेंमीपेक्षा मोठी बॅग असेल तर तिच्यासाठी जागा आधी राखून ठेवावी लागते, बाबागाडीला मात्र लागत नाही. फुजी उजवीकडे दिसतो. लेकीला त्याचं काही नव्हतं, पुढच्या सीटचं टेबल उघडबंद करण्यात ती दंग.

क्योटोत सगळ्यात यशस्वी ठरलं ते रेल्वे म्युझियम. क्योटो स्टेशनहून एकच स्टेशन, उमेकोजी-क्योटोनिशी. १९१४ सालच्या अर्धगोल शेडमध्ये वाफेची इंजिनं ओळीने उभी आहेत आणि त्यातल्या एकामागे बसून छोटी फेरीही मारता येते. बुधवारी सहसा बंद असतं, जाण्याआधी बघून घ्या.

फुशिमी इनारी या देवळाला बसने जाऊ नका. जेआर इनारी स्टेशन अगदी देवळासमोर आहे. वर पायऱ्याच पायऱ्या, तेव्हा बाबागाडी हॉटेलवर ठेवून मुलाला अंगाशी बांधायचं कॅरियर घ्या. डोंगर चढून जायची सक्ती कुणी केलेली नाही. लाल तोरींची, म्हणजे कमानींची, पहिली रांग बघून परतलो, तरी फोटो तेच येतात.

नाऱ्याला किंतेत्सू लाइनने जा, तिचं स्टेशन पार्कला जवळ पडतं. हरणांची बिस्किटं मोठ्यांनीच हातात धरावीत. हरणं ढुशी देतात आणि आपल्या लेकराची उंची नेमकी त्यांच्या तोंडाजवळ येते.

आता खाणं. शाकाहारींनो, ॲलर्जीच्या तक्त्यावर विसंबू नका. दूध, अंडं, गहू, कोळंबी वगैरे लिहिणं बंधनकारक आहे, कात्सुओ या माशाचं नाही. आणि उदोनचा रस्सा, मिसो सूप, बाळांच्या तयार जेवणाची पाकिटं, बहुतेक सगळ्यांत तोच असतो. आम्ही मेतकूट नेलं होतं. कोनबिनीत साध्या भाताचं पाकीट गरम करून मिळतं. जपानी तांदूळ मुळातच चिकट, हॉटेलच्या किटलीतलं गरम पाणी घालून कालवला की मऊ भात तयार. शिवाय केळी, दही आणि सुपरमार्केटात भाजलेलं रताळं. डायपरचा साठा वाहू नका. कुठल्याही ड्रगस्टोअरमध्ये मिळतात, माप किलोवर असतं.

टोकियोत राहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. मुलाचं वैद्यकीय सवलतीचं कार्ड क्योटोत किंवा नाऱ्यात चालत नाही. तिथे डॉक्टरकडे विम्याचा २० टक्के वाटा आपण भरायचा, पावती जपून ठेवायची आणि परतल्यावर वॉर्ड ऑफिसात अर्ज करायचा, पैसे मिळतात. रात्री ताप चढला आणि दवाखाना गाठावा का ते कळेना, तर जपानी फोनवरून #८००० ही मुलांच्या आजाराबद्दल सल्ला देणारी लाइन लावा. संभाषण जपानीतून होतं, तेव्हा भाषा येणाऱ्या एखाद्या मित्राला आधीच सांगून ठेवा.