आबांची वही आणि माझी लाल फुली

“साहेब, परत फुली पडली बघा.”

थंडीच्या दिवसांत सकाळी आठ वाजून पाच-दहा मिनिटांनी फोन वाजला, की नंबर बघायची गरज नसायची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावची दूध संस्था, फोनवर सेक्रेटरी आबा, आणि मागे किटल्यांचा खणखणाट. संकलनाचं सॉफ्टवेअर माझं. व्हीबी डॉट नेट ही भाषा, विंडोज फॉर्म्स हा स्क्रीन बनवायचा मायक्रोसॉफ्टचा सांगाडा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकट्याने लिहिलेलं. त्यामुळे दोष ढकलायला कुणी नव्हतं, तरी मी दोन हिवाळे तो ढकलत राहिलो.

आधी फुली म्हणजे काय ते सांगतो. विंडोज फॉर्म्समध्ये एखादा कंट्रोल (बटण, आकड्याची चौकट वगैरे) स्वतःला रंगवत असताना एरर आली, की फ्रेमवर्क त्याच्या वाटेला परत जात नाही. तेवढा चौकोन पांढरा करतं आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारून मोकळं होतं. आमच्यासारख्यांना ती ओळखीची खूण. पण त्या संस्थेत मॉनिटर खिडकीकडे वळवलेला असतो, कारण सभासदाला स्वतःच्या दुधाचं वजन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. आणि फुली पडायची ती नेमकी वजनाच्या चौकटीवर.

संकलनाची घाई बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. सभासद कोड सांगतो, काट्यावर दूध ओततो, चमचाभर नमुना ॲनालायझरला जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, दरपत्रकातून दर लागतो, पावती फाटते. माणशी अर्धा मिनिट. साडेआठच्या सुमाराला दूध संघाची गाडी येते, ती कुणासाठी थांबत नाही. आठ वाजता प्रोग्रॅम बंद पडला की उरलेले तीस-चाळीस जण आबा वहीत हाताने लिहून घ्यायचे. कोड, लिटर, फॅट. मग दुपारी ते सगळं परत कॉम्प्युटरला चढवायचे. दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्यात एक लिटर इकडचं तिकडे झालं तर चावडीवर उत्तर आबांना द्यावं लागतं, मला नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी काय काय सांगितलं त्याची यादी आठवली तरी लाज वाटते. व्होल्टेज. मग यूपीएस. मग काट्याची वायर ज्या यूएसबी कन्व्हर्टरवर आहे तो (तो बदलला की कॉम पोर्टचा नंबर बदलतो, म्हणजे दुसराच गोंधळ). मग अँटिव्हायरस. दुपारी रिमोटने आत शिरून बघावं तर सगळं सुरळीत, कारण तोवर आबांनी मशीन बंद-चालू केलेली. संध्याकाळच्या संकलनाला कधी काही झालं नाही. मार्च उजाडला आणि फोन बंद झाले. मी अँटिव्हायरसच्या नावावर केस मिटवून टाकली.

दुसऱ्या दिवाळीनंतर पुन्हा तेच. या वेळी मी एरर लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, लिहायची सोय केली होती आणि लॉगने सांगितलं : आउट ऑफ मेमरी, मेमरी संपली. इतकं स्पष्ट उत्तर आल्यावर मी थेट रॅम वाढवायला सांगितली. दोन जीबीची चार जीबी. सहकारी संस्था आहे, त्यामुळे चार जीबीसाठीसुद्धा संचालक मंडळाच्या सभेत ठराव झाला, सूचक-अनुमोदकासह. रॅम बसली. तिसऱ्या दिवशी आठ वाजून सात मिनिटांनी फुली.

इथे मला मायक्रोसॉफ्टवर थोडं चिडायचंय. डॉट नेटमधलं चित्रं काढायचं काम विंडोजचा जीडीआय प्लस नावाचा भाग करतो, आणि त्याला काय बिनसलंय ते नीट सांगता येत नाही. मोडकी फोटोफाइल उघडायला द्या, ‘आउट ऑफ मेमरी’. मेमरीशी काडीचा संबंध नसलेल्या दहा कारणांना हेच एक उत्तर. हे मी वाचलेलं होतं, ज्युनियर पोरांना शिकवलेलंही होतं. स्वतःची वेळ आली तेव्हा रॅम मागवली.

शेवटी एकदा स्वतः जाऊन बसलो. पावणेसहाला संकलन सुरू, मी कानटोपी घालून ॲनालायझरच्या शेजारी. आठपर्यंत घड्याळासारखं चाललं. मग एक म्हातारी आली, काट्यावर किटली रिकामी केली, खिडकीतून आत बघितलं आणि तेवढ्यात स्क्रीनवर भली मोठी लाल फुली.

“का रं, फुली का मारलीस?” तिचा आवाज एकदम चढला. “घरच्या म्हशीचं दूध हाय. पान्याचा थेंब न्हाई त्यात!”

मागची रांग पुढे वाकली. कुणीतरी हसलं. आबा बाहेर जाऊन सांगत होते, आक्का, मशीन बिघडलंय, तुझं दूध न्हवं. ती ऐकून घेईना, फॅट किती लागली ते दाखव म्हणाली. फॅट ॲनालायझरच्या स्वतःच्या डिस्प्लेवर होती, सात पॉइंट दोन. ती वाचून दाखवल्यावर शांत झाली, पण जाताना माझ्याकडे असं बघून गेली की मी अजून ते विसरलेलो नाही. मेनू उघडायला गेलो तर तो काळा ठिक्कर. नवी विंडो उघडेना. आणि मेमरी निम्मीसुद्धा भरलेली नव्हती.

आबा वही उघडून लिहायला लागले. त्यांनी नवीन पान घेतलं आणि सवयीने पहिला अनुक्रमांक टाकला : २८१.

“एकपासून का नाही?” मी विचारलं.

“दोनशे ऐंशी मशीनवर झालेत की. फुडचं आपलं वहीत.”

मी वही मागून घेतली. मागची पानं उलटली. २७८. २८३. २७९. २८१. मागच्या वर्षीची पानं, २८४, २७६. तारखा वेगळ्या, वेळा पाच-दहा मिनिटं मागेपुढे, पण हाताने लिहायची सुरुवात दर वेळी दोनशे ऐंशीच्या आसपास. दोन हिवाळ्यांचा लॉग निळ्या शाईत माझ्यासमोर होता. माझ्या लॉगमध्ये वेळ होती, एरर होती, फंक्शनचं नाव होतं; कितवा सभासद चालू होता हे मी लिहीतच नव्हतो. आबांनी पहिल्याच महिन्यात फोनवर सांगितलं होतं, “रांग लांबली की पडतंय.” मी ते गाऱ्हाणं समजून सोडून दिलं होतं.

थंडीचं कोडंही तिथेच सुटलं. म्हशी पावसाळ्यानंतर व्यायला लागतात, थंडीत दूध वाढतं, दूध घालणाऱ्यांचा आकडा सव्वातीनशेच्या घरात जातो. उन्हाळ्यात जनावरं आटतात आणि रांग दोनशेवर येते. संध्याकाळीही तेवढी नसते. म्हणजे माझा बग वर्षभर तिथेच होता, तिथपर्यंत पोचायला पुरेसे सभासद नव्हते.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. टास्क मॅनेजरमध्ये एक कॉलम असतो, जीडीआय ऑब्जेक्ट्स, म्हणजे प्रोग्रॅमने चित्रं काढायला विंडोजकडून घेतलेल्या वस्तू; तो आपणहून चालू केल्याशिवाय दिसत नाही. प्रोग्रॅम उघडल्यावर आकडा २००च्या आत-बाहेर. पहिल्या दहा सभासदांनंतर साडेपाचशे. माणशी पस्तीस. विंडोज एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, असे १०,००० ऑब्जेक्ट देतं, त्यापुढे एकही नाही. सुरुवातीचे २०० गेले की उरले ९,८००. भागिले ३५. कागदावर भागाकार केला आणि आबांच्या वहीतला आकडा उत्तर म्हणून आला, २८०. बाहेर अजून अंधार होता आणि माझ्या कानामागे घाम.

हे पस्तीस कुठून यायचे, तर माझ्या हौसेतून. वजनाचे आकडे जुन्या एलईडी घड्याळासारखे लाल, चमकते दिसावेत म्हणून मी ते स्वतः रंगवत होतो. आधी बिटमॅपवर, म्हणजे मेमरीतल्या चित्रावर, काढायचे, मग व्हीबी सिक्सच्या काळापासून जपून ठेवलेल्या विंडोजच्या फंक्शनने, बिटब्लिटने, फॉर्मवर चिकटवायचे. आकडा बदलताना लुकलुक नाही. डेमोत सगळे त्या आकड्यांवर खूश व्हायचे. त्यासाठी बिटमॅपला ‘गेटएचबिटमॅप’ विचारावं लागतं. ते एक वेगळं जीडीआय हँडल (विंडोजकडच्या चित्राच्या प्रतीचा क्रमांक) बनवून हातात देतं, आणि ते ‘डिलीटऑब्जेक्ट’ने मोडायची जबाबदारी तुमची, असं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे. मी बिटमॅप इमानदारीने डिस्पोज करत होतो, हँडल विसरलो होतो. नको असलेली मेमरी आपोआप साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला त्या हँडलचा पत्ताच नसतो. दूध ओतताना काट्याचा आकडा पस्तीसेक वेळा बदलतो, दर वेळी एक हँडल.

ऑफिसच्या टेस्टिंगमध्ये हे सापडणं शक्यच नव्हतं. खोटा काटा म्हणून मी जो प्रोग्रॅम लिहिला होता तो सारखं ५.००० हेच वजन पाठवायचा, आणि आकडा बदलला तरच परत रंगवायचं अशी हुशारी मीच करून ठेवली होती. ती सुचली त्या दिवशी मी स्वतःलाच चहा पाजला होता.

एका ओळीचं काम, म्हणून तिथेच लॅपटॉपवर डिलीटऑब्जेक्ट घातलं. आकडा तरी चढतच राहिला. अर्धा तास डोकं खाजवलं. बिटमॅप डिव्हाइस कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या चित्र काढायच्या पाटीवर, निवडलेला असताना तो मोडता येत नाही. डिलीटऑब्जेक्ट शून्य परत करतं आणि गप्प बसतं. ते शून्य मी बघतच नव्हतो. आधी जुना ऑब्जेक्ट सिलेक्टऑब्जेक्टने जागेवर ठेवायचा, मग आपला मोडायचा. क्रम बदलला. संध्याकाळी संकलन संपलं तेव्हा आकडा २१४. दुसऱ्या सकाळी ३१८ सभासद होऊन गेले, तरी तेवढाच.

ऑफिसमधला सीनियर सगळं ऐकून म्हणाला, “एवढा खटाटोप कशाला? रजिस्ट्रीत जीडीआयचा कोटा वीस हजार करायचा, झालं.” विंडोजच्या त्या सेटिंगमध्ये होतो तो, ६५,५३६ पर्यंत वाढवता येतो. कौल गळतोय म्हणून खाली मोठं घमेलं ठेवणाऱ्यांतला हा माणूस, आणि आमच्या धंद्यात अशांचंच प्रमोशन लवकर होतं. पण रात्री झोपताना मनात आलं, त्या गावात पाचशे साठ दूध घालणारे व्हायला किती वर्षं लागली असती? त्याचा उपाय फोनवरून पाच मिनिटांत झाला असता आणि आक्काच्या दुधावर फुली पडली नसती.

रॅमचं आबांना सांगितलं. ते म्हणाले, “असू दे, वाया कुठं जातीय.” ठरावाच्या पुस्तकात ती माझ्या सल्ल्यावरून घेतल्याची नोंद तशीच आहे.

तीच एक्सई (प्रोग्रॅमची फाइल) आणखी चौदा संस्थांत चालू होती आणि तिथून कधी तक्रार नव्हती. बहुतेक लहान संस्था, दीडशे-पावणेदोनशे सभासद. तरी एकेकाला फोन लावले. दोन मोठ्या संस्थांच्या सेक्रेटरींनी सांगितलं, आमच्याकडं तसलं काही न्हाई, आम्ही रोज साडेसातला प्रोग्रॅम एकदा बंद करून चालू करतोय. असं करायला कुणी सांगितलं? “तुमच्याच सपोर्टच्या पोरानं. दोन वर्षं झाली की.” पोराला विचारलं तर तो निरागसपणे म्हणाला, “सर, त्याने चालतं, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही.”

नवीन एक्सई त्या दोघांनाही देऊन आलो. मागच्या आठवड्यात सहज चौकशी केली. साडेसातला अजून बंद-चालू करतात.