दुर्योधनाचे पाय कोह केरलाच राहिले होते

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलात तर आधी कोह केर या जुन्या राजधानीतून आलेल्या मूर्तींकडे वळा, बाकीचं नंतर. तिथला दुर्योधन अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. गुडघे वाकवून, अंग आक्रसून तो उडी घ्यायच्या बेतात आहे. भीमाचा घाव त्याला चुकवायचाय. मांडी अजून शाबूत आहे. गदायुद्धातला नेमका हा क्षण दहाव्या शतकातल्या ख्मेर (म्हणजे कंबोडियातल्या) शिल्पकारानं आख्ख्या पुरुषभर उंचीच्या वालुकाश्मात पकडला. घोट्यापाशी एक सांधा दिसतो. तो मी बराच वेळ वाकून पाहत होतो.

मूर्ती मूळची कोह केरच्या प्रासात चेन देवळातली. चौथ्या जयवर्मनानं 928 मध्ये राजधानी अंकोरहून कोह केरला नेली आणि 944 पर्यंत ती तिथेच होती. एवढ्याशा काळात तिथे जे कोरलं गेलं, त्याला ख्मेर कलेत तोड नाही असं माझं मत आहे. तोवर मूर्ती बहुतेक ताठ, समोर पाहत उभ्या असायच्या. इथे त्या झुंजतात, झेपावतात. प्रासात चेनच्या पश्चिम गोपुरात तर आख्खा प्रसंगच मांडला होता: मधे भीम आणि दुर्योधन, भोवती बाकीचे पांडव, कृष्ण आणि नियम मोडलेला पाहून संतापणारा बलराम.

कंबोडिया यादवी युद्धात होरपळत असताना चोरांनी हा प्रसंग फोडला. घोट्याच्या वरून मूर्ती तोडल्या आणि पाय चौथऱ्यावर तसेच राहिले. दुर्योधन 1975 मध्ये लंडनमध्ये विकला गेला. 2011 मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात तो पुन्हा विक्रीला आला तेव्हा कंबोडियानं हरकत घेतली. मग अमेरिकेच्या कोर्टात खटला, 2013 च्या डिसेंबरमध्ये तडजोड आणि 2014 मध्ये घरवापसी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन सायमन संग्रहालयातून भीम आला आणि क्रिस्टीज या लिलावसंस्थेकडून बलराम.

मूर्ती कुठल्या ते शोधून त्या परत आणण्याचं आणि जोडण्याचं हे काम एकट्यादुकट्याचं नाही. फ्रेंच संशोधन संस्था एफियोचे एरिक बूर्दोनो यांनी उरलेले चौथरे आणि त्यांवरची पावलं तपासली, जगभर विखुरलेल्या मूर्तींशी ती ताडली आणि महाभारत समोर ठेवून कोण कुठे उभं होतं याची मांडणी केली. जोडकाम दगडाच्या कारागिरांचं. दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यातले खनिजांचे कण पाहणारे भूवैज्ञानिक वेगळे, जुन्या विक्रीची कागदपत्रं चाळणारे वकील वेगळे. पुढे ‘लायन’ या टोपणनावानं ओळखला जाणारा एक जुना मूर्तिचोरही अभ्यासकांना कुठून काय उचललं ते दाखवत फिरला. त्याच्या आठवणी हाही पुरावाच ठरला.

हे सगळं डोक्यात घेऊन मी अंकोरजवळच्या सिएम रीप शहरातून कोह केरला गेलो. शंभरावर किलोमीटरचा रस्ता, गाडी भाड्यानं करावी लागते. सगळे आधी प्रासात थोमच्या सात टप्प्यांच्या पिरॅमिडकडे धावतात. छत्तीस मीटर उंच आहे तो, वरून झाडीचा समुद्र दिसतो, जरूर चढा. पण प्रासात चेनला गर्दी नव्हती. पडझड झालेलं लहानसं देऊळ. गोपुराच्या जागी उभं राहून मी मनात भीम इकडे, बलराम तिकडे असे उभे करून पाहिले, तेव्हा कुठे मूर्तींमधलं अंतर आणि त्यांच्या नजरा कळल्या. आडवाटेला मात्र शिरू नका, हा भाग एकेकाळी भूसुरुंगांनी भरलेला होता.

झाडीखालच्या जमिनीचाही अभ्यास झालाय. 2012 मध्ये हेलिकॉप्टरमधून लेसर किरण सोडून इथले उंचसखल भाग मोजले गेले. इथे सुमारे 7 किलोमीटर लांबीचा बांध आहे. जमिनीत रडार लहरी सोडून त्याचा सांडवा तपासल्यावर अभ्यासकांचा निष्कर्ष असा, की तो बहुधा पहिल्याच पावसाळ्यांत फुटला. दुसऱ्या गटानं गाळातले परागकण आणि कोळशाचे कण मोजले. त्यांना राजधानीच्या आधी आणि नंतरही कित्येक शतकं इथे माणसांचा वावर दिसला. राजा गेला आणि जंगल उरलं, ही गाईडची आवडती गोष्ट त्यामुळे टिकत नाही. शिलालेखांत कामकऱ्यांच्या याद्या आहेत आणि काळ शकात दिलेला, तोच शक जो आपल्या पंचांगावर छापलेला असतो. संस्कृत श्लोकही आहेत, ख्मेर मजकूरही.

2015 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या संग्रहालयातला हनुमान परत आला, 2016 मध्ये डेन्व्हरच्या संग्रहालयातलं रामाचं धड. 2023 मध्ये कोह केर जागतिक वारसा यादीत गेलं आणि त्याच वर्षअखेरीस न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं 14 मूर्ती परत करायचं जाहीर केलं. तुम्ही जाणार असाल तर आधी कोह केर करा आणि मग नॉम पेन्ह. अंकोर वाटचा एखादा सूर्योदय त्यासाठी सोडावा लागला तरी सोडा.